दिघेनं न केलेली सही

विनायक दिघे गेल्याचं मला कारखान्याच्या सूचनाफलकावरून कळलं. कँटीनच्या नव्या वेळापत्रकाखाली अर्धा कागद टाचला होता आणि त्यात त्याचं आडनाव 'दीक्षे' असं टाईप केलेलं. ज्यानं उभी हयात इथे काढली, त्याचं नाव नीट लिहायची सवड कुणाला नव्हती. मी खिशातलं पेन काढून ते दुरुस्त केलं, आणि मग स्वतःचीच शिसारी आली. त्याच्या बाबतीत जे दुरुस्त करायचं होतं, ते मी वेळेवर कधी केलंच नव्हतं.

सावली रस्त्यावरच्या या काचेच्या कारखान्यात नव्वदचं दशक संपता संपता आम्ही दोघं मिळून संगणक विभाग होतो. तो नागरवाड्यातून यायचा, मी गोत्रीहून. कंपनीच्या बसमध्ये बाकीचे डुलक्या घ्यायचे, तेव्हा दिघे मांडीवर मॅन्युअलची पानं घेऊन बसायचा. काय वाचताय म्हणून शेजारचा गुजरातीत विचारायचा, "शुं वांचो छो, दिघेभाई?" तर हाही त्याच भाषेत शांतपणे म्हणायचा, "नवलकथा," म्हणजे कादंबरी. तेव्हा सगळ्यांनाच सगळं नवं हवं होतं. आमच्या साहेबांनी हट्टानं एक पुरवठादार निवडला आणि युनिक्सच्या जातीची प्रणाली असलेला सर्व्हर आणला, त्यात जलदगती नेटवर्क कार्ड. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या आठवड्यात माल भरलेले ट्रक फाटकाशी अडकू लागले, कारण गेटपास त्या सर्व्हरवरून निघायचा आणि तो निघतच नव्हता. छोटा निरोप झटकन जायचा, मोठी फाईल मात्र रांगत राहायची. वैशाखाच्या उन्हात ट्रकवाले फाटकाबाहेर टायरच्या सावलीत बसून आम्हाला शिव्या घालत होते आणि त्या रास्त होत्या.

पुरवठादाराचा इंजिनियर आला, त्यानं यंत्राकडे धड पाहिलंही नाही. "केबल तुमच्या माणसांनी चुकीची ओढली," म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. दिघेनं सगळ्या केबल उपसून, त्या जिथे जुळतात त्या 'स्विच' नावाच्या पेटीपासून पुन्हा ओढल्या, तरी फरक पडला नाही. मग तो कार्डाच्या मागे लागला. कार्ड चालवणारा जो छोटा प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, त्याची एकेक मांडणी बदलायची, यंत्र बंद करून चालू करायचं, मोठी फाईल पाठवायची, वहीत टिपायचं... असे तीन आठवडे.

एका दुपारी त्यानं मला बोलावलं. "हे बघ. स्विचला पुरवठादाराच्या लोकांनी ठासून सांगितलंय की एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचंही. कार्डाला मात्र 'तुझं तू ठरव' म्हणून सोडलंय. ते स्विचला विचारतं, स्विच उत्तर देत नाही. मग ते समजतं की एका वेळी एकानंच बोलायचं. समोरून आवाज आला की हे गप्प बसतं आणि आपलं वाक्य पहिल्यापासून सुरू करतं."

"म्हणजे केबल?"

"केबल उत्तम आहे."

ड्रायव्हरच्या मांडणीत एक ओळ घालायची होती. यंत्र पुन्हा चालू झालं की ती विसरली जायची, म्हणून त्यानं ती सुरुवातीच्या फाईलमध्येही घातली. चार वाजेपर्यंत फाटक मोकळं झालं.

यापुढचं लिहिताना अजून तोंड कडू होतं. साहेबांनी वर पाठवायचा अहवाल तयार केला. दोष विभागाच्या केबलजोडणीत होता, पुरवठादाराच्या तज्ज्ञांनी तो दूर केला, असं त्यात होतं. खाली आम्हा दोघांच्या सह्यांना जागा. दिघेनं कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हे खोटं आहे." साहेब हसले. "अरे, चालशे. कोण वाचतंय?" दिघे केबिनबाहेर गेला. साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. विभागप्रमुखाची जागा लवकरच निघणार होती, हे मला ठाऊक होतं. मी सही केली.

महिन्याभरात दिघेची बदली भांडारात झाली. खोकी, पेंढा, फुटलेल्या काचा. निवृत्तीपर्यंत तो तिथेच राहिला. प्रमुख मी झालो. बसमध्ये तो पूर्वीसारखाच माझ्या शेजारी बसायचा. त्या सहीबद्दल त्यानं एकदाच विचारलं.

"वाचून केलीस ना?"

"हो."

"मग ठीक. न वाचता केली असतीस तर जास्त वाईट वाटलं असतं."

गेल्या महिन्यात कारखान्यात शोकसभा झाली. निवृत्त साहेब खास गाडी करून आले. "दिघे माझा धाकटा भाऊ. आपलं नेटवर्क त्यानंच उभं केलं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. लोकांनी माना खाली घातल्या. बाहेर चहा आणि वेफर्स होते, ते खात साहेब मला म्हणाले, "साधा माणूस, पण जरा हेकट." माझ्या हातातही कप होता. मी तो चहा पूर्ण प्यालो. साहेबांचा मला वीट आला हे खरं, पण त्या कपाचा जास्त आला.

परवा नागरवाड्यात वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी मला माळ्यावरच्या खोलीत नेलं. "भावजी, हा संगणक चालूच आहे. सरळ बटण दाबायचं नाही, असं हे बजावायचे. तुम्ही बंद करून द्या." दिघे घरी तीच प्रणाली चालवायचा, हे मला माहीत नव्हतं. कारखान्यातल्या त्या फाईलची प्रत त्यानं तिथे जपली होती. त्याच्या त्या ओळीच्या वर इंग्रजी अक्षरांत मराठी टीप होती: 'लहान फाईल जाते आणि मोठी अडते, हे प्रथम श्रीरामच्या लक्षात आलं. त्यावरून सापडलं.'

जेवताना कधीतरी मी तसं म्हणालो होतो. विसरूनही गेलो होतो.

"काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"तुमचं नाव आहे की," त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं.

सहीची गोष्ट त्यांना ठाऊक नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दिघेनं घरी सांगितलीच नव्हती. मलाही तिथे सांगता आली नाही... म्हणून इथे लिहितोय. त्या हा लेख वाचतील तेव्हा त्यांना कळेल. माझं नाव त्या टिपेतून काढायला बोट शिवशिवत होतं. पण त्याच्या लिखाणात फेरफार करायचा मला काय अधिकार? मी आज्ञा दिली, यंत्र रीतसर बंद झालं, आणि वहिनींनी त्यावर धुतलेला पंचा पसरून चारी कोपरे नीट खोचले.