ज्याचा जीव त्याची किल्ली

विजेला भिणारी माणसं गावोगावी आहेत, विजेशी मस्ती करणारीही आहेत. पण विजेला सासूसारखा मान देणारा माणूस उभ्या यवतमाळ जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका साडभाऊ म्हणून माझ्या वाट्याला आला. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान वीज कंपनीत लाइनवरच्या माणसांना शिकवायचे. खांबावर चढायचं कसं, कमरेचा पट्टा अडकवायचा कुठे, तारेला हात लावण्याआधी ती खरंच बंद आहे की नाही हे पाहायचं कसं, हे त्यांचे विषय. नव्या तुकडीपुढे उभे राहिले की ते आधी सांगायचे, "लाइन मेली म्हणून कोणी सांगितलं, तं तिच्या तेरवीचं जेवून आल्याशिवाय इश्वास ठेवू नका." पोरं खो खो हसायची. मग ते एकेकाला पट्टा बांधायला लावायचे आणि मागून असा हिसका द्यायचे, की ज्याचा पट्टा ढिला त्याची बत्तिशी जागेवर मिटायची.

हे सगळं कंपनीच्या आवारात राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण हा गृहस्थ शिकवणी घरी घेऊन यायचा. अक्का, म्हणजे त्यांची बायको, माळ्यावरचा पापडाचा डबा काढायला स्टुलावर चढली, की हे हातातला चहा टाकून धावत येणार आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे राहणार. अक्का वरून म्हणायची, "लग्नात माहा हात एवढा घट्ट धरला नव्हता बाप्पा या माणसानं." माझ्या पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मांडवात रोषणाईच्या वायरी नुसत्याच पिळून जोडलेल्या दिसल्या, आणि यांनी ऐन मंगलाष्टकांच्या वेळी लाइट बंद करवले. माइक गेला, फोटोवाला रुसला, नवरीचा बाप माझ्याकडे असा बघायला लागला जणू मीच ती वीज खाल्ली. साडभाऊ मात्र खिशातून चिकटपट्टी काढून एकेक जोड गुंडाळत बसले होते. "लग्न एक घंटा लांबलं तं काही होत नाही, भाऊ," ते मला म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव होता कुलपावर. नियम साधा होता. वर चढण्याआधी खालचा स्विच पाडायचा, त्याच्या दांड्याला कुलूप लावायचं आणि किल्ली जो वर चढणार त्याच्याच खिशात ठेवायची. साहेबाकडे नाही, सोबत्याकडे नाही, सख्ख्या भावाकडेसुद्धा नाही. खाली उभा असलेला माणूस कितीही चांगला असला तरी विसरतो, त्याला फोन येतो, कोणीतरी 'लाइन सोडा, लाइन सोडा' म्हणत त्याच्या डोक्यावर बसतो. म्हणून ज्याचा जीव त्याची किल्ली. आणि दुसरं कलम, कुलूप ज्यानं लावलं त्यानंच काढायचं.

या नियमानं दिग्रसला आमच्या सासुरवाडीचं एकदा भरीत केलं. महिना मे. बैठकीतली ट्यूब बदलायची होती. साडभाऊंनी मेन स्विच पाडला, पेटीला आपलं पितळी कुलूप लावलं, ट्यूब बदलली, हात धुतले, सगळ्यांना नमस्कार केला आणि यवतमाळची एसटी धरली. किल्ली खिशात! कूलर बंद, पंखे बंद, मामाजी, म्हणजे आमचे सासरे, उघड्याबंब अंगानं टॉवेलनं वारा घेतायत. मी हातोडी काढली आणि शिष्टाचार म्हणून त्यांना फोन लावला.

"हातोडी खाली ठेवा, भाऊ. मी येऊन राह्यलो."

"अहो दादा, पण तुम्ही स्टुलावरून उतरलात की मघाशीच!"

"ते तुमाले ठाऊक हाय. कुलपाले थोडीच ठाऊक हाय?"

दारव्ह्याला उतरून, उलटी गाडी धरून हा माणूस परत आला, कुलूप काढलं आणि मामाजींच्या पाया पडला. मामाजी एवढंच म्हणाले, "जावईबापू, पुढच्या खेपेले ट्यूब गेली तं आमी कंदील लावतो."

अशा माणसाची पोरगी काय होणार? रेणू आयटीआय झाली आणि लाइनवरच्याच भरतीत निवडली गेली. घरोघरी पेढे वाटले साडभाऊंनी, पण स्वतः एक तोंडात टाकला नाही. पुढे प्रशिक्षणाच्या शेवटी चढण्याची परीक्षा होती. ती पास झाली तरच नोकरी पक्की, नाहीतर घरी. आणि परीक्षा घेणारे हेच. "दुसऱ्या कोणाले सांगा," म्हणून ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, या भागात तुमच्यासारखा दुसरा आहे कोण? मग यांनी लेकीला नापास करायचा सपाटा लावला. एकदा म्हणे पट्ट्याचा हूक नीट बसला नव्हता. दुसऱ्यांदा म्हणे रबरी हातमोज्यात हवा भरून भोक आहे का ते तिनं पाहिलं नाही.

"पाह्यलं न बाबा मी."

"मले दिसलं नाही."

अक्का भाकरी थापता थापता बरसली, "जगाच्या पोरी पास करता, आन आपल्या पोरीची नोकरी खाऊन राह्यले तुमी." साडभाऊंनी मान खाली घालून जेवण उरकलं. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटत होतं.

शेवटची संधी बाभुळगावकडच्या एका खेड्यात होती, खऱ्या लाइनवर. "ह्यायचं बीपी वाढते, तुमी सोबत जा," म्हणून अक्कानं मला पाठवलं. रेणूनं स्विच पाडला, दांड्याच्या कडीत कुलूप घातलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकून बटण लावलं. तारेत कुठे वीज उरली नाही ना ते तपासलं, तार जमिनीशी जोडली. चुकायला जागाच ठेवली नाही पोरीनं. पट्टा आवळून ती खांबाकडे वळली तेव्हा साडभाऊंनी हात पुढे केला.

"किल्ली माह्याजवळ दे."

सोबतच्या पोरांना वाटलं, मास्तर परीक्षा घेतायत. मलाही तसंच वाटलं. रेणूनं मात्र बापाच्या तोंडाकडे पाहिलं. ते मास्तरचं तोंड नव्हतं.

"बाबा, तुमचं कुलूप कुठं हाय?" तिनं हळूच विचारलं. "लावा न माह्या कुलपाशेजारी. कामावरच्या दरेकानं आपलं लावावं, असं तुमीच सांगता."

"मी कुठं चढून राह्यलो?"

"माह्यासंगं तुमीबी चढूनच तं राह्यले. लावा."

त्यांनी खिशातून ते दिग्रसवालं पितळी कुलूप काढून लावलं. पोरगी चढली, काम केलं, उतरली, तारेची जमिनीशी केलेली जोडणी सोडवली आणि आपलं कुलूप काढून बाजूला झाली. साडभाऊंचं तसंच लटकत होतं. बघ्यांत उभा असलेला गावचा गिरणीवाला कासावीस होऊन म्हणाला, "साहेब, लाइन सोडा न, दळणं पडून हायत सकाळपासून."

"पोरगी पाणी पिऊन राह्यली, दिसत नाही काय तुमाले?"

मग ते किल्ली लावायला गेले, तर ती कुलपात जाईना, दोनदा भोकाच्या बाजूलाच लागली. रेणू पुढे झाली. किल्लीला तिनं बोट लावलं नाही. नुसतं कुलूप धरून ठेवलं, आणि त्यांनी ते उघडलं.

आता साडभाऊ निवृत्त आहेत. रेणू दिग्रसकडे असते. उन्हाळ्यात सासुरवाडीला जमलो आणि भरदुपारी लाइट गेली, की आम्ही सगळे कंपनीच्या नावानं बोटं मोडतो, कोणी फोन फिरवायला लागतं. ते मात्र घामानं निथळत खुर्चीत बसून असतात आणि फोनवाल्याचा हात धरतात. "असू द्या. कोणाच्या तरी खिशात किल्ली असन." मग केव्हातरी पंखा गरगरायला लागतो. आम्ही सगळे म्हणतो, "आली." ते डोळे मिटून, स्वतःशीच म्हणतात, "उतरली."