कपडे जरा काढता का?

मंडळी, आत्ताच घरी आले. पाय सुजलेत आणि राग आलाय, तो स्वतःचाच.

आज आपल्या फोटो ग्रुपबरोबर सिकंदराबादच्या एका बंद पडलेल्या थिएटरात गेले होते. फाटक्या खुर्च्या, छताच्या भोकातून पडणारं ऊन, सगळं हवं तसं. फक्त मधोमध एका दोरीवर साड्या आणि लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता. तिथल्या वॉचमनची बायको यादम्मा धुणं वाळत घालत होती.

ग्रुपचे तरुण गुरुजी म्हणाले, "आंटी, तुम्हीच सांगा ना तिला. कपड्यांमुळे ओसाड वाटत नाहीये."

मी गेले. "अम्मा, पाँच मिनट कपडे निकाल लेते क्या, प्लीज?" कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी प्लीज म्हणायला शिकवलं होतं. काय मागू नये, ते शिकवायचं राहिलं.

यादम्मा चिडली नाही. साड्या काढता काढता म्हणाली, "निकालती मा. लेकिन तुम लोगां खाली जगा बोलके फोटो डालते. नया मालिक वोइच दिखाके बोलता, यां कोई नै रहते, तोड डालो. फिर हम किधर जाना?"

मी तिच्या हातातल्या साड्या घेतल्या आणि पुन्हा दोरीवर घातल्या. गुरुजींचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. यादम्माला विचारून, तिला दोरीशेजारी उभं करून फोटो काढला. तोच खाली लावलाय.

'ओसाड' म्हणून टाकलेल्या फोटोंमधून तुम्ही किती संसार बाजूला सारलेत? मला माझे तीन आठवले.