सुंदररावांचा हिरवा दिवा

दुष्काळाच्या त्या साली उमापूरच्या सहकारी सोसायटीच्या गच्चीवर उपग्रहाची छत्री बसली आणि सचिव सुंदररावांची चालच बदलली. तशी छत्री आसपासच्या सगळ्याच सोसायट्यांना मिळाली होती. सोसायटीच्या चारा-छावणीतल्या जनावरांसाठी चाऱ्या-पाण्याची रोजची मागणी तिच्यावरूनच माजलगावच्या संघाकडे जायची. पण जे सगळ्यांना मिळतं, ते सुंदररावांना मिळाल्यासारखं वाटत नसे.

छत्री बसवणाऱ्या इंजिनिअरने समजावलं, "साहेब, सगळ्यांची वाट एकच, सामाईक. दोघांचे निरोप एकदम निघाले तर आदळतात, पुन्हा पाठवावे लागतात. एखाद्याचं काम वाढलं की केंद्रातली मशीन त्याला आपोआप स्वतंत्र वाट देते. काम थांबलं की काढून घेते. पण ती सामाईकातूनच कापून देतात. बाकीच्यांची तेवढी अरुंद होते."

"सोतंत्र मिळाली हे कळतं कसं?"

"छत्रीचा डबा सभागृहात बसवलाय, त्यावर हिरवा दिवा लागतो."

एवढंच सुंदररावांच्या डोक्यात राहिलं.

छावणीची मागणी असायची दोन ओळींची. तेवढ्यावर दिवा लागेना. मग सुंदररावांनी सभागृहातला कॅमेरा सुरू करून चेअरमन विठ्ठलरावांच्या खुर्चीवर रोखला. विठ्ठलराव झेंडावंदनापुरते येत. त्यांची रिकामी खुर्ची दिवसभर आभाळात जाऊन माजलगावात उतरू लागली. दिवा लागला, तो विझेचना. सुंदरराव आल्यागेल्याला चपला काढायला लावून तो दाखवत. ते पाहून आणखी दोघा-तिघा सचिवांनीही आपापल्या खुर्च्या आभाळात धाडल्या.

वैशाखात सुंदररावांची बहीण बायनाबाई नदीपलीकडून उन्हातान्हाची आली.

"दादा, आमच्या छावणीत टँकर आला न्हाई. आमच्या सोसायटीचं काम बघणारा मास्तर रोज मागणी धाडतोय, ती जातच न्हाई म्हणतोय. माझी गाय बसली ती उठंना."

"तुमची सोसायटी लहान, बाई. लहानानं दम धरावा."

"आन् तुमचं कसं काय जातं?"

सुंदररावांनी अभिमानाने सभागृहाचं दार उघडलं. बायनाबाईनं दिव्याकडं पाहिलं, मग कॅमेऱ्याकडं, मग खुर्चीकडं.

"हितं तर कुनीच न्हाई."

"मान असतो त्यो," सुंदरराव म्हणाले. पण बहिणीच्या नजरेला नजर देणं त्यांना जमलं नाही. ती गेल्यावर त्यांनी कॅमेऱ्याच्या बटणावर बोट ठेवलं. विझलेला दिवा उद्या कुणी पाहिला तर? बोट मागं आलं.

गाय गेली. टँकर नंतर आला.

पावसाळ्याच्या तोंडावर संघाने वर्षभराचा वापर तपासला. सर्वाधिक वापराबद्दल उमापूरचा सत्कार झाला आणि त्याला कायमची स्वतंत्र वाट मंजूर झाली. बायनाबाईच्या गावची छत्री 'वापर नाही' म्हणून उतरवून नेली. सुंदरराव फेटा बांधून व्यासपीठावर बसले. विठ्ठलरावांनी त्यांच्या दूरदृष्टीवर लांबलचक भाषण केलं. हार घेऊन सुंदरराव तसेच बहिणीकडे गेले. तिनं भावाला पाणी दिलं, गाईच्या रिकाम्या दावणीशेजारी बसवलं आणि ती कामाला निघून गेली.