गावाच्या वतीनं टोचलेला दंड

सासरचा उंबरा ओलांडायला मी पाय उचलला आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आधारासाठी माझा दंड धरला. चोळीच्या बाहीवरून त्यांच्या बोटांना गाठ लागली. त्या काळात गाठ म्हणजे प्लेग, दुसरं काही नाही. त्यांनी हात झटकला, मागच्या बायका मागं सरल्या, वाजंत्री आपोआप थांबली.

"टोचलंय मला," मी म्हणाले. "लोणावळ्याला. रेल्वेच्या चाळीत डॉक्टर येतो दर साली."

"कशापायी टोचत्यात?"

"गाठ येऊ नये म्हणून."

आत्याबाईंनी माझ्या दंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आन् ही काय हाय मग?"

लस टोचली की दंड चार दिवस सुजतो हे मला ठाऊक होतं, पण गाठ येऊ नये म्हणून आधी गाठ आणायची, हे उंबऱ्यावर उभं राहून सांगायचं कसं? शेवटी माझे वडील पुढं आले आणि त्यांनी आपला स्वतःचा दंड उघडा करून दाखवला. व्याह्यालाही गाठ आहे म्हटल्यावर हा रेल्वेकडचा काहीतरी रिवाज असावा असं लोकांनी धरलं आणि मला आत घेतलं.

आमचं गाव बेडशाच्या लेण्यांच्या खाली. लढाई चालली होती, विलायतेकडची, पहिली. लग्न मार्गशीर्षात झालं आणि संक्रांत होते न होते तोच तळेगाव-घोरावाडीकडं उंदीर मरून पडू लागल्याची, म्हणजे प्लेग आल्याची, बातमी आली. मागोमाग कामशेतला गाडीतून उतरून, बैलगाडीत बसून, टोचणारा डॉक्टर आला. पुण्याचा होता, तरुण, किडकिडीत, आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं. त्या कामाला हे फार अडचणीचं होतं.

मारुतीसमोर माणसं जमली. आम्ही बायका पाराच्या मागं उभ्या होतो.

"लशीत काय असतं?" कुणीतरी विचारलं.

"प्लेगचेच जंतू," डॉक्टर म्हणाला. "पण मेलेले."

एकच गलका झाला. "म्हंजे रोग तुमीच घिऊन आला व्हय?"

"मेलेले आहेत, मेलेले."

"मेले ते कुनी बगितलं?"

"ते डोळ्यांना दिसत नाहीत. फार बारीक असतात."

"दिसत न्हाईत, मग मेल्यालं कसं कळलं?"

एका म्हाताऱ्यानं तर मेलेला जीव अंगात घेतल्यावर सुतक लागतं का, हे अगदी मनापासून विचारलं. डॉक्टरनं थोडा विचार करून नाही म्हणून सांगितलं. त्यानं विचार केला हेच लोकांना खटकलं. मग कुणी म्हणालं की टोचलेल्याला गोळी लागत नाही, म्हणून सरकार आधी टोचतं आणि मग बोटीत बसवून लढाईवर धाडतं. त्यावर दुसरा म्हणाला, गोळी लागत नसंल तर जायला काय हरकत हाय? तिथून चर्चा जी लढाईकडं वळली ती बराच वेळ परत येईना.

मी हळूच आत्याबाईंना म्हटलं, "मला टोचलंय, मी धडधाकट आहे, हे सांगा ना त्यांना." त्यांनी ते मोठ्यानं सांगितलंही. पुरुषांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि ठरवलं की माझं धरता येणार नाही. मी लोणावळ्याची. तिकडचं पाणी वेगळं.

तेव्हा आबांनी तोड काढली. आबा म्हणजे आमचे शेजारी, बांधाला बांध लागून वावर, मामंजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, लहानपणापासूनचे सोबती. ते म्हणाले, "समद्यांनी टोचून घ्यायची गरज काय? गावाच्या वतीनं एकानं घ्यावं. सरकारचाबी मान ऱ्हाईल, आन् गुन-अवगुन काय तो एकाच्याच अंगावर दिसंल."

हे सगळ्यांना एकदम पटलं. गावाच्या वतीनं एक जण शेतसारा भरायला जातो, एक जण देवाला नारळ फोडतो, मग एकानं टोचून घ्यायला काय झालं? डॉक्टर "असं चालत नाही हो, असं नाही चालत" म्हणत राहिला.

"मग कोन घेतंय?" आबांनी विचारलं.

मामंजी पुढंच बसले होते. त्यांचा डावा कान कित्येक वर्षांपासून ठार बंद होता आणि उजवा बेताचा. ऐकू आलं नाही की "व्हय" म्हणायचं, अशी त्यांची सवय. सगळे आपल्याकडे बघताहेत असं पाहून ते म्हणाले, "व्हय, व्हय. आमच्याकडंच."

डॉक्टरनं आज कुणाकडं जेवायचं, असं विचारताहेत अशी त्यांची समजूत झाली होती. डॉक्टर बाही वर करू लागला तेव्हा ते बुचकळ्यात पडले. "जेवायला बाही कशाला वर घ्यायची?" सुई आत गेल्यावर आबांनी त्यांच्या बऱ्या कानात ओरडून खरा प्रकार सांगितला. मामंजींनी चारी बाजूंना पाहिलं, सारं गाव हात जोडून उभं होतं, आणि त्यांची छाती हळूहळू फुगत गेली.

दुसऱ्या दिवशी ताप भरला. डॉक्टरनं तो भरणार म्हणून आधीच सांगितलं होतं, पण मग पुढल्या गावाला निघून गेला होता. आमच्या अंगणात जत्रा भरली. जो येई तो मामंजींचा दंड चाचपून बघे. कुणी सूज सुतळीनं मापली. कुणी विचारी, "भाऊ, आतमंदी काय वळवळतंय का?" मामंजी तापातही उठून बसत आणि गावाला सांगावं तसं सांगत, "ठनकतंय. पर सोसंल मी."

आत्याबाई संतापल्या होत्या. "माजा नवरा काय गावाला सोडल्याला पोळ हाय का, कुनीबी यावं न् हात लावावा?" त्यांचा सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज होता. लसणाची पाकळी घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात सोडायचं. पोट दुखो, पाय मुरगळो, तेल कानात. मामंजी आजवर कधी हाती लागले नव्हते. आता तापानं पडल्यावर मात्र आत्याबाईंनी त्यांच्या दोन्ही कानांत मनसोक्त तेल घातलं.

तिसऱ्या सकाळी ताप उतरला. मामंजी अंथरुणात बसले आणि म्हणाले, "हळू बोला की. कशाला वरडताय?"

डावा कान उघडला होता.

दुपारपर्यंत ही बातमी पवन मावळात पसरली. टोचलं की कान उघडतो. दुसऱ्या दिवशी ती, कान उघडतो आणि धरलेला गुडघाही सुटतो, अशी झाली. डॉक्टर परत आला तेव्हा मारुतीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. गुडघेवाले आले होते, दमेकरी आले होते, मूल होत नसलेली जोडपी आली होती. वरच्या वाडीवरनं एक जण लाथा मारणारी म्हैस घेऊन आला होता. प्लेगसाठी म्हणून एकही माणूस आलेला नव्हता.

या सगळ्यात आत्याबाई एकट्या खवळून बसल्या होत्या. "कान माज्या तेलानं उगडला," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि लोक हसत. मी त्यांची बाजू घेतली तर म्हणत, सुनेला असं बोलावंच लागतं. आपण ही टोचणी जन्मात घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

मला राहवलं नाही. मी डोक्यावरचा पदर सावरून डॉक्टरकडे गेले आणि तेलाचं सांगितलं. त्यानं मामंजींचा कान नीट पाहिला आणि पारावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यांच्या कानात वर्षानुवर्षांचा मळ होता. तो या बाईंच्या तेलानं सुटला. लशीचा त्यात काहीही संबंध नाही. लस गुडघ्यालाही चालत नाही. ती फक्त प्लेगसाठी आहे."

"फकस्त पिलेगसाटी?" एकानं विचारलं. "मंग कशाला घ्यायची?" आणि माणसं उठून घरी जायला लागली. म्हशीवाला तर म्हैस ओढत सगळ्यांत आधी निघाला.

डॉक्टर आपल्या लशीच्या पेटीवर बसून राहिला. मीही ओशाळले. आपण बोललो नसतो तर बरं, असं वाटलं.

तेवढ्यात आत्याबाई पुढं आल्या. त्यांनी दंड पुढं केला. "टोच," त्या म्हणाल्या. "मानूस खरं बोलतोय." टोचून झाल्यावर पदर खोचून त्या पाराजवळ बसल्या, चुलीवरून तेलाची पळी मागवली आणि निघालेल्यांना हाक दिली, "कुटं निगालात? तेल पायजे का न्हाई? हितं पयलं टोचून घ्या, मंग माज्याकडं. टोचल्याबिगर थेंब देनार न्हाई."

तेलाचा गुण तर आता खुद्द सरकारी डॉक्टरनं सांगितला होता. माणसं वळली. दंड डॉक्टरकडे द्यायचा, मग डोकं आडवं करून कान आत्याबाईंकडे, असं दुपारभर चाललं. मी तेल तापवून तापवून आणत होते. डॉक्टर घामाघूम झाला होता आणि एकदा मला म्हणाला, "हे वर कळवायचं कसं?" मी म्हटलं, "कळवू नका."

आबांना मामंजींनी दोनदा दारात जाऊन बोलावलं. ते घरातून बाहेर आले नाहीत. "माजं झालंय की," त्यांनी आतूनच सांगितलं. "तू घेतलं न्हवं गावाच्या वतीनं? मी गावातच ऱ्हातो." मामंजींना ते बरोबर वाटलं. ते परत येऊन बसले.

माघात आमच्याकडं उंदीर पडले. गाव सोडून आम्ही माळावर झोपड्या घातल्या. ज्यांनी टोचलं होतं त्यांच्यातलेही काही आजारी पडले, पण बहुतेक उठले. आबा उठले नाहीत.

मामंजींनी माती देऊन आल्यावर झोपडीच्या दारात बसून आपला दंड कितीतरी वेळ चोळला. "कमी पडलं माजं," ते म्हणाले. मी त्यांना समजावलं की असं नसतं, एकाच्या अंगातलं औषध दुसऱ्याला पोचत नाही. आत्याबाईंनी समजावलं. डॉक्टर आला तेव्हा त्यानंही शेजारी बसून समजावलं. मामंजींना आता दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येत होतं. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मी व्हय म्हनलो होतो." आणि डॉक्टरला विचारलं, आबांच्या नावानं आणखी एकदा टोचलं तर त्यांच्या पोराबाळांना लागू पडंल का?

डॉक्टरनं नाही म्हणून मान हलवली. मग मामंजी उठले, आबांच्या झोपडीवर गेले, त्यांच्या बायकोला आणि पोरांना घेऊन आले, आणि एकेकाचा दंड स्वतः धरून डॉक्टरपुढं केला.

उन्हाळा लागल्यावर साथ ओसरली. घरं सारवून आम्ही गावात परत राहायला आलो. आषाढात आबांच्या वावरात भात मामंजींनीच लावलं. आपल्या आधी त्यांचं लावलं. आत्याबाई आणि मी पावसात रोपं उपटून देत होतो आणि आबांची बायको बांधावरून सांगत होती, कुठल्या खाचरात किती दाट लावायचं ते.