सासूबाईंच्या हनुवटीवरचे ठिपके

सासूबाईंच्या फोटोची स्लाइड आधी माझ्या साडूकडे गेली, तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं. मी सौंसरचा थोरला जावई. घरी फिल्म स्कॅन करायचं मशीन आधी माझ्याकडे आलं. पांढुर्ण्याच्या त्या धाकट्या जावयानं माझं पाहून घेतलं. तरी बोरगावला, सासुरवाडीत, कौतुक त्याचंच.

सासरे हौशी होते, स्लाइडवर, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फिल्मच्या तुकड्यावर, फोटो काढायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी त्यातली एक स्लाइड निवडली. संत्र्याच्या झाडाखाली उभ्या असलेल्या, विशीतल्या त्या स्वतः. म्हणाल्या, "मी गेल्यावर आधार कार्डाचा फोटो नका लावू भितीवर. हा मोठा करा. दोघंही जवाई करून पाहा, मी निवडीन."

साडूनं दुसऱ्याच दिवशी फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. चेहरा लोण्यासारखा, झाडाखालची सावली स्वच्छ. माझी बायको मोबाइल नाकाशी धरून म्हणाली, "किती साफ काढला जी पांढुर्णावाल्यायनं." मी जेवण अर्ध्यावर टाकून उठलो.

मग स्लाइड माझ्याकडे आली. पहिल्या स्कॅनला सावलीत लाल-हिरवे कण, कोणी रांगोळी सांडून ठेवल्यासारखे. हे कण फिल्मवर नसतात. अंधारं दिसलं की मशीन चाचपडतं आणि आपल्या पदरचं काहीबाही घालतं, दर वेळी नव्या जागी. म्हणून तीच स्लाइड न हलवता पुन्हा पुन्हा स्कॅन करायची आणि सगळ्यांची सरासरी काढायची. जे जागचं हलत नाही ते फिल्मचं, ते राहतं. बाकीचं विरून जातं. फक्त तेवढा वेळ टेबल हलता कामा नये. भर उन्हाळ्यात मी कूलर बंद केला, मिक्सर लावू दिला नाही.

"तुमचा फोटो होईन तवरक मी शिजून जाईन," बायको म्हणाली. "त्यायचा तर पाच मिनिटात झाला."

हीच पाच मिनिटं मला चावत होती. माझा फोटो झाल्यावर मी दोन्ही शेजारी ठेवून मोठे करून पाहिले, त्याच्यात खोट शोधायला, दुसऱ्या कशाला नाही. आणि सापडली. सासूबाईंच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. माझ्या फोटोत ते हिरवे, ठसठशीत होते. त्याच्या फोटोत नव्हतेच. त्यानं कण आणि धूळ काढायचं बटण पार टोकापर्यंत नेलं होतं, आणि गोंदणही कचऱ्यात गेलं होतं. मुलगा नोकरीला लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. बायकोलाही मी काही बोललो नाही. सगळ्यांच्या समोर बोलायचं होतं.

रविवारी बोरगावला दोन्ही फोटो दिवाणावर मांडले. मी शांतपणे त्याच्या फोटोवर बोट ठेवलं. "साडभाऊ, आईचं गोंदण कुठं गेलं?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "माह्या ध्यानातच नाही आलं," तो म्हणाला. मेहुणी पदर सावरत आत निघून गेली. मला फार बरं वाटत होतं.

सासूबाईंनी चष्मा लावला. त्याचा फोटो उचलून उजेडात धरला, आणि बराच वेळ फोटोतल्या हनुवटीवरून बोट फिरवत राहिल्या.

"मले धरून गोंदलं होतं," त्या म्हणाल्या. "दोघी बाया हात धरून होत्या, मी रडून राहिली होती. या फोटोच्या वक्ती मी हनुवटी झाकून घेतली, तर हे म्हणे हात काढ. बिनगोंदणाची मी कशी दिसतो ते आज पाहिलं."

"पण आई, खरा हा आहे," मी माझा फोटो पुढे केला. माझा आवाज चढला होता.

"खराच हाय, जवाईबापू. तुमी लय मेहनत केली. पण तो चेहरा मी रोज आरशात पाहतोच ना."

साडूचा फोटो आतापासूनच फ्रेम होऊन बोरगावच्या बैठकीत आहे. ती जागा माझी होती असं मला अजून वाटतं. त्यानं मेहनतीनं हरवलं असतं तर मी गिळलं असतं. त्यानं बटण ओढलं, चूक केली, आणि त्या बाईला जन्मभर हवं होतं ते तिच्या हातात दिलं; त्याला तर ठाऊकही नव्हतं.