एकेरी हाक

पौषातल्या सकाळी टोकावड्याच्या रस्त्यावर पेंढ्याचा ओलसर गंध धुक्यासारखा रेंगाळत असे. आमच्या गॅरेजातल्या डिझेलचा उग्र दर्प त्यात मिसळला, की तो माझ्या नव्या संसाराचा गंध होई. कल्याणहून लग्न होऊन मी इथे आले होते. माझे यजमान अबोल. गाड्यांच्या खाली पाठीवर पडून त्यांचा दिवस सरे, आणि संध्याकाळी पानावर बसल्यावर ‘वाढ’, ‘पुरे’ याखेरीज फारसा शब्द नसे. मी त्यांना ‘अहो’ म्हणत असे. घरातली रीतच ती. आणि त्या ‘अहो’मध्ये एक सुरक्षित, थंडगार अंतर होते.

अशा एका सकाळी कमळ आली. ती यांच्या बालपणीच्या आळीतली. सासरहून ती कायमची परतलेली होती, आणि वडिलांची दृष्टी गेल्यापासून त्यांचा ट्रक स्वतःच चालवीत होती. माळशेजच्या चढावर त्या ट्रकचे इंजिन बसले होते, पुन्हा न उठण्यासारखे. मुरबाडबाहेरच्या एका भंगारवाल्याकडे सेवेतून काढलेली एसटी उभी आहे, तिचे अंग गंजले असले तरी इंजिन अजून धडधाकट आहे आणि ट्रकला बसेल, असे यांनी शोधून ठेवले होते. डबा घेऊन मीही सोबत गेले. खरे तर डब्याचे निमित्त होते.

आसने निघालेली ती बस वालाच्या शेताकडे तोंड करून उभी होती. पुढचा पत्रा उतरवल्यावर कोवळे ऊन थेट तिच्या काळजापर्यंत पोचले. काळे, तेलकट, निद्रिस्त. त्याच्या दोन बाजूंना ही दोघे वाकली, आणि माझे यजमान बोलू लागले.

“वशा, तो पाना दे रे,” कमळ म्हणाली.

“थांब गो, आधी नळी सुटू दे. मागल्या खेपेसारकी घाई करू नको.”

“मागल्या खेपेला घाई तुजी व्हती!”

ते हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. हे हास्य मी कधी ऐकलेच नव्हते. त्या ‘रे’ने आणि ‘गो’ने माझ्या आत काहीतरी चरचरत गेले. त्यांच्यात वावगे काही नव्हते, हे मला स्वच्छ दिसत होते. आणि म्हणूनच तो मत्सर अधिक निराधार, अधिक निर्लज्ज वाटत होता. एकमेकांकडे न पाहता त्यांचे हात एकमेकांना हवे ते देत होते. लग्नातल्या सप्तपदीने मला जे दिले नव्हते, ते या बाईला बोल्टांच्या गंजातून मिळाले होते.

“वैनी, तुमी सावलीत बसा. साडी खराब व्हईल,” कमळ म्हणाली. ते प्रेमाने म्हटलेले होते, तरी मला हाकलल्यासारखे झाले.

इंजिन उचलायची वेळ आली, तेव्हा कप्पीची साखळी ओढायला यायचा गडी बैल पाहायला म्हसा गावच्या जत्रेला गेल्याचे कळले. मी पदर खोचला आणि पुढे झाले. यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, साखळी हातात दिली. मी ओढत गेले, तसतसा तो अवजड गोळा आपली जागा सोडून तसूतसूने वर येऊ लागला. तळहात सोलत होते, आणि मला आनंद होत होता. तेवढ्यात कुठेतरी सोडायची राहिलेली एक पट्टी तुटली. इंजिन झोक्यासारखे फिरले. यांचा हात अजून आत होता.

“वसंत, हात काढ!”

माझाच आवाज. हात निघाला आणि पुढच्याच क्षणी इंजिन सांगाड्यावर आदळले. पत्रा कागदासारखा दुमडला. मग शेतावरून फक्त वारा आला.

“ऐकलंस काय रे वशा?” कमळ हळूच म्हणाली. “वैनींना नाव येतं तुजं.”

यांनी माझे तळहात उलटून पाहिले आणि खिशातल्या काळवंडलेल्या फडक्याने ते पुसू लागले; पुसले त्याहून अधिक माखून ठेवले.

पुढे काही दिवसांनी ते इंजिन ट्रकमध्ये बसले. पहिला धूर सोडून ते गुरगुरू लागले, तेव्हा संध्याकाळचे ऊन आमच्या अंगणात तिरपे पसरले होते. कमळ ट्रकमध्ये चढली. यांनी गाडीला थाप मारून काहीतरी सांगितले, तिने मान डोलावली. पण तिची दृष्टी यांच्यावर नव्हती. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली होती. उघड्या दारातून दिसणाऱ्या पेटत्या चुलीकडे, दोरीवर शेजारी शेजारी वाळत असलेल्या शर्टाकडे आणि साडीकडे. ती तिथे थोडी अधिक थांबली. मग तिने चटकन गिअर टाकला, आणि ट्रक घाटाच्या दिशेने निघून गेला.

त्या नजरेला काय म्हणावे, ते मी कुणाला विचारले नाही. मला ती फार ओळखीची वाटली होती.