टेपवालीचं स्टूल

मी सांगते, तू लिही. माझी धाकटी जाऊ, तिला सगळी गल्ली टेपवाली म्हणायची. आंघोळ सोडली तर गळ्यातली मापाची टेप कधी उतरायची नाही. जिन्याखालच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आणि एक लाकडी स्टूल. नवा कपडा अंगात घातला की बाईने त्या स्टुलावर बसून दाखवायचं. श्वास अडकला, शिवण ओढली, तर कपडा घरी न्यायचा नाही. असा तिचा कायदा.

वरच्या मजल्यावरची पोरगी लग्न ठरल्यावर तिच्याकडे आली. मोबाईलमध्ये कुठल्याशा नटीचा फोटो.

"काकू, अस्साच झगा. कंबर अठ्ठावीस धरा."

"टेप बत्तीस म्हणतेय, बाई."

"महिन्यात होईल हो अठ्ठावीस."

जाऊबाईने वहीत अठ्ठावीस लिहिलं, कापलं मात्र बत्तीसचं, आणि जादाचं कापड शिवणीच्या आत दुमडून अठ्ठावीसचं शिवलं. लागलं तर उसवू, मला म्हणाली. पोरीचं मन राखलं, उपाशी राहू नकोस एवढंही तिला बोलली नाही. तिथेच चुकली, आणि ते ती मरेपर्यंत कबूल करायची.

कारण पोरीने जेवणच टाकलं. काकडी आणि पाणी. आई कानीकपाळी ओरडली तर तिच्यापुढे तो फोटो धरायची. महिन्याने झगा घालून बघायला आली. चेन अर्ध्यावर अडली. हिने पोट आत ओढलं आणि तिथेच आडवी झाली.

मी होते ना तिथे. तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडून पहिलं काय विचारावं? "चेन लागली का?"

माझं डोकंच फिरलं, पण जाऊबाई माझ्या आधी पेटली.

"दाखव तो फोटो. असला फोटो काढताना मी मागे उभी होते, एका मासिकाच्या कामाला. तोंडात टाचण्या धरून फोटोतल्या पोरीच्या झग्याला पाठीमागून बारा चिमटे लावले मी. तिला बसता येईना. उभ्यानेच नळीने पाणी पीत होती बिचारी. आणि छापून आलं तर कंबर कॉम्प्युटरवर आणखी कोरलेली. कोरताना मागचा दरवाजासुद्धा वाकडा केला मेल्यांनी. दरवाजा कोण बघतंय? सगळ्या बाया कंबर बघून उपाशी. त्या नटीलासुद्धा ती कंबर नाही गं."

"पण मग फोटोत मीच जाडी दिसणार ना," पोरगी रडायला लागली.

"बत्तीसची आहेस, बत्तीसची दिस. दिवसभर उभं तुला राहायचंय, फोटोला नाही."

हसू नकोस, लिही पुढे. जाऊबाईने ब्लेड घेतलं, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, आतलं कापड मोकळं केलं आणि तासाभरात पुन्हा मशीन मारून दिलं. चेन सरळ वर गेली.

"आता बस."

पोरगी स्टुलावर बसली. मी चहा आणि बिस्किटं पुढे ठेवली. एक बिस्कीट हातात धरून ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग तिने ते चहात बुडवलं. अर्धं तुटून कपात पडलं, तेही तिने बोटाने काढून खाल्लं.